विशारद नको म्हणाली, गाणं नको म्हणाली नाही

परवा लेकीबद्दल पुण्याहून वहिनींचा फोन, "अगं ती हेल्पलाइनवर बसते म्हणे, अकरावीचं वर्ष ना? आणि गाण्याची परीक्षा पण सोडली?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, जरा लांबेल.

आम्ही अमेरिकेत पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहतो, लेक सोळा वर्षांची. इथे लाइन्स फॉर लाइफ या संस्थेची यूथलाइन आहे, मनाने त्रासलेल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, लेक तिथेच बसते, रोज संध्याकाळी ४ ते १० मुलांचे फोन मुलंच घेतात, खरंच शाळेतली पोरं. आधी पन्नास तासांहून जास्त ट्रेनिंग, आणि शिफ्टला या विषयातली जाणती माणसं सोबत असतात, पोरांवर सोडून देत नाहीत. तरी मला पटत नव्हतं, या वयात कुणाच्या जिवाचा प्रश्न कशाला अंगावर घ्यायचा. मग एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, आई, आम्हाला सरळ विचारायला शिकवतात, जीव द्यायचे विचार येतायत का म्हणून. माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. मला वाटायचं असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं. तसं होत नाही, यावर चिक्कार अभ्यास झालाय, उलट बरेचदा समोरच्याला हायसं वाटतं.

ती तिथे काय ऐकते ते मला कधीच कळणार नाही, सगळं गोपनीय. आधी आणायला गेले की गाडीत बसल्या बसल्या मी सुरू, कसं झालं, दमलीस का, काय खाणार. आता नाही विचारत. ती सीट मागे घेते, फोनवर तानपुरा लावते आणि हायवे २६ चा बोगदा येईपर्यंत नुसता सा. मग कधीतरी खालच्या नी ला जाऊन परत सा. घरी पोचेपर्यंत खांदे खाली आलेले असतात.

आता परीक्षेचं. गाण्याच्या बाईंकडे ऑनलाइन शिकत गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, आणि म्हणाली त्याच्या पुढचं विशारद नाही करायचं मला, गाणं सोडत नाहीये. मला राग आला, खूप आला, किती शनिवार पहाटे उठवून क्लासला बसवलंय! "आम्हाला कुणी शिकवलं असतं तर" अगदी ओठांवर आलेलं, पण तिचंच वाक्य आठवलं, मागितला नसेल तर सल्ला देऊ नये. गप्प बसले. बऱ्याच वेळाने आपणहून बोलली, की गाताना मी सारखी स्क्रीनवर बाईंचा चेहरा बघते, आवडलं का, आवडलं का. हेल्पलाइनवर चेहराच नसतो, शाबासकी द्यायला कुणी नाही, तरी मी तिथे असते. मला तसं गाऊन बघायचंय.

वहिनी, कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होईल का मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. २०२२ मध्ये भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर. आपल्याच घरातली पोरं आहेत ही, हुशार, परीक्षा देणारी. त्यांना आपण कितीदा नुसतं ऐकलंय, मध्ये न बोलता? तिकडे सरकारचं टेली मानस आहे, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं, प्लीज हा नंबर घरातल्या पोरांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

बाईंना मीच घाबरत घाबरत सांगितलं. म्हणाल्या, बरं, शनिवारी यमन पहिल्यापासून घेऊ, तिला म्हणावं कॅमेरा बंद ठेव, मी पण ठेवते.