गिऱ्हाईक काम उरकून निघून जाऊ नये म्हणून

दुधाचा हिशोब ठेवणारं ॲप करायचं तुम्ही मनावर घेतलंय असं कळलं. हौस चांगली आहे. पण तुमचा आराखडा पाहिला आणि राहवलं नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि चार गोष्टी सांगण्याइतका पगारही घेतला आहे.

तुमच्या आराखड्यात एकच पान आहे. त्यावर महिन्याच्या तारखा. रतीब किती लिटरचा आणि दर काय, हे एकदाच भरायचं. दूधवाला आला नाही किंवा घरचे गावाला गेले, तर त्या तारखेवर बोट टेकवायचं, की खाडा पडला. महिनाअखेरीस ३० दिवस, ४ खाडे, रोज १ लिटर, ७० रुपये दर, म्हणजे १,८२० रुपये. आकडा समोर. खातं उघडायला नको, इंटरनेट नको, सगळी नोंद फोनच्या पोटात. तुमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाडा टाकतील, फोन ओट्यावर ठेवतील आणि फोडणीकडे वळतील.

इथेच घोटाळा आहे. त्या वळल्या! काम झालं आणि बाई निघून गेली. उद्या गुंतवणूकदाराने विचारलं की माणूस तुमच्या ॲपमध्ये दिवसाला किती वेळ रमतो, तर काय सांगणार, सहा सेकंद? काकूंना खाडा टाकायचा असतो हे मान्य, पण तो झाला त्यांचा प्रश्न. खाडा टाकून झाल्यावर त्यांना कसं धरून ठेवायचं, हा तुमचा. आणि खाडा टाकण्याआधीच धरून ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं.

म्हणून सगळ्यात आधी दाराला कुलूप लावा. ॲप उघडल्याबरोबर मोबाइल नंबर मागा, ओटीपी पाठवा. ओटीपी बघायला काकू मेसेजमध्ये गेल्या की इकडे भरलेलं सगळं पुसून टाका, परत आल्यावर नंबरपासून पुन्हा सुरुवात. मुदत ३० सेकंदांची ठेवा. चष्मा शोधायला किती वेळ लागतो हे मोजणं तुमचं काम नव्हे. मग जन्मतारीख. दुधाचा आणि जन्मतारखेचा संबंध काय, असं काकूंनी विचारलंच तर 'तुमचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी' हे उत्तर तयार ठेवा. त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही, त्यामुळे त्यावर कुणी वादही घालत नाही. तारीख टाइप मात्र करू देऊ नका. छोटंसं कॅलेंडर उघडा, ते चालू महिन्यावर उघडेल असं बघा, आणि मागे जायला डावीकडे एक बारीकसा बाण द्या. काकूंचा जन्म १९५६ चा. आठशेहून जास्त वेळा तो बाण दाबून त्या आपल्या जन्मापर्यंत पोचतील, तेव्हा त्यांना ॲपबद्दल जो जिव्हाळा वाटेल तो जाहिराती देऊन मिळत नाही.

आता परवानग्या. संपर्क यादी, ठिकाण, फोटो, मायक्रोफोन, जे जे मागता येईल ते मागा. दुधाच्या हिशोबाला मायक्रोफोन कशाला, अशी शंका आली तर थोरांची चरित्रं आठवा. अमेरिकेत 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं अँड्रॉइड ॲप होतं. काम एकच, फोनचा दिवा लावायचा. कोट्यवधी लोकांनी ते उतरवून घेतलं. दिवा लावता लावता ते फोनचं ठिकाण आणि ओळखक्रमांक जाहिरातवाल्यांकडे धाडत असे. करारनाम्याखाली नकाराचं बटणसुद्धा होतं, अगदी सभ्यपणे दिलेलं, फक्त वाचणाऱ्याचं बोट तिथवर जाण्याआधीच माहिती निघालेली असायची. २०१३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने त्यांना धरलं आणि गोळा केलेली माहिती पुसायला लावली. दिव्याखाली अंधार ही म्हण आपली. ती अमलात आणायचं श्रेय मात्र परदेशाने नेलं.

नकाराचं बटण द्यावंच लागलं तर ते चार पडद्यांच्या आड द्या. होकार एका टिचकीत आणि नकार अनेक टिचक्यांत, एवढ्याशा रचनेसाठी फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावला होता. तुम्ही घाबरू नका. तुमच्याएवढ्या कंपनीला इतका दंड झाला तर तो मूल्यांकनात धरता येईल.

तुमच्या आराखड्यातली सगळ्यात लाजिरवाणी ओळ म्हणजे 'नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवू'. अहो, फोनमध्येच नोंदी साठवणारी ती वस्तू २००० सालापासून आहे. एक एमबीच्या आत मावते, प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आधीच बसलेली आहे, तिच्यावर कुणाचा मालकी हक्क नाही, आणि २०५० पर्यंत सांभाळायचं तिच्या कर्त्यांनी जाहीर केलं आहे. जी गोष्ट मोडत नाही तिच्यावर टीम कशी पोसणार? आणि रेझ्युमेत काय लिहिणार, '३० मधून ४ वजा केले'? 'वितरित खाडा-व्यवस्थापन प्रणालीची उभारणी केली' असं लिहायचं असेल तर काकूंचा खाडा आधी सर्व्हरवर गेला पाहिजे. तिथे खाड्याची एक सर्व्हिस, दराची दुसरी, गुणाकाराची तिसरी. तिघींचं आपसात बोलणं सुरू राहील, मग एके रात्री एकीचं बोलणं बंद पडेल आणि दोन वाजता तुम्हाला उठवलं जाईल. याला स्केल म्हणतात. काकूंच्या बाजूला तोवर पडद्यावर एक गोल फिरत ठेवा. नेटच गेलं असेल तर त्या दिवशी दूध आलं असं धरून चला. दूधवाल्याचं तरी कोण आहे दुसरं!

गुणाकार स्वतः लिहायचा मोहही टाळा. दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचं पॅकेज आणा, ते पॅकेज आणखी वीस पॅकेजं आणेल, घर भरलेलं दिसेल. मार्च २०१६ मध्ये काय झालं ते ठाऊक असेलच. लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची जावास्क्रिप्ट होती, मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरून देणारी. नावावरून झालेल्या एका वादात तिच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या गोदामातून आपला माल उचलला, आणि बॅबेलसारख्या बड्या प्रकल्पांपासून जगभर अनेकांचं बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार करायचं काम, अडून बसलं. काही भाबड्यांनी यातून असा धडा घेतला की ११ ओळी आपल्या आपण लिहाव्यात. तुम्ही असं बघा, त्या दिवशी कुणाचंच काम झालं नाही आणि कुणालाही बोलणी बसली नाहीत. असा दिवस ज्यांनी अनुभवलाय ते पुन्हा स्वतः कोड लिहितील का?

पैशाचं काय योजलंत? 'काही नाही, घरच्या घरी वापरायला केलंय' असं आराखड्यात लिहिलंय ते आधी खोडा. महिन्याला दोन खाडे मोफत द्या, तिसऱ्यापासून वर्गणी. पहिला महिना फुकट, कार्डाचा नंबर मात्र आधी. वर्गणी नको असेल तर दाबायच्या बटणावर 'नको' असं कोरडं लिहू नका. 'नको, माझ्या नवऱ्याच्या कष्टाचे पैसे पाण्यात गेले तरी चालतील' असं लिहा. पाणी आणि दूध, विषयालाही धरून आहे.

वर्गणी बंद करायचा रस्ता हा मात्र खऱ्या कारागिरीचा भाग, तिथे घाई नको. ॲमेझॉनचं उदाहरण समोर ठेवा. प्राइमची वर्गणी घ्यायला एक-दोन टिचक्या, आणि सोडायला चार पानं, सहा टिचक्या, पंधरा पर्याय, असं फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ च्या तक्रारीत मोजून दाखवलं आहे. कंपनीच्या आत या वाटेचं नाव होतं 'इलियड', ग्रीकांच्या त्या लांबलचक युद्धाच्या महाकाव्यावरून. लोकांना काय भोगावं लागणार याची इतकी नेमकी जाण असलेली टीम विरळा. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल न करता २५० कोटी डॉलरला प्रकरण मिटवलं. आपल्याकडे ग्रीकांकडे हात पसरायची गरज नाही, चक्रव्यूह घरचाच आहे. फक्त एक काळजी घ्या. अभिमन्यूला आत शिरायचं तंत्र निदान शिकावं लागलं होतं, तुमच्याकडे तेवढीही अडचण ठेवू नका.

आणि हे एवढं सगळं पहिल्याच आठवड्यात करायला जाल तर तोंडावर पडाल. आधी सज्जन राहा. व्हॉट्सॲपचा इतिहास मी नव्या पोरांना आवर्जून सांगतो. ब्रायन ॲक्टन आणि जॅन कूम हे तिचे संस्थापक. ॲक्टनने लिहिलेली चिठ्ठी कूमच्या टेबलावर चिकटवलेली असायची: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, गिमिक नाहीत. पन्नास-पंचावन्न माणसांनी तेवढ्यावर ४५ कोटी लोकांचे निरोप पोचवले. लोकांनी आजी-आजोबांना, शाळेच्या पालकांना, सोसायटीच्या सभासदांना तिथे आणून बसवलं. २०१४ मध्ये फेसबुकने ते १,९०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. पुढे ते दोघे बाहेर पडले आणि जून २०२५ मध्ये 'अपडेट्स'च्या टॅबमध्ये जाहिराती येत असल्याचं जाहीर झालं. म्हणजे बघा, त्या चिठ्ठीचाही उपयोग झालाच. लोक आले ते तिच्यावर विसंबून, आणि आता जाणार कुठे? सोसायटीचा ग्रुप दुसरीकडे न्यायचा म्हटला तर पाण्याच्या टँकरच्या निरोपासाठी त्यांना परत इथेच यावं लागतं. काकूंच्या तीन वर्षांच्या खाड्यांची नोंद तुमच्याकडे जमली की मग चिठ्ठी काढा.

नोटिफिकेशनचं फार सांगत नाही, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कळतं. पहाटे साडेपाचला 'दूध आलं का?', रात्री अकराला 'आज आमची आठवण नाही झाली?' सलग शंभर दिवस खाडा नाही पडला तर फटाके उडवा. गावाला जाणाऱ्या माणसाला अपराधी वाटलं पाहिजे.

हे सगळं कायद्यात बसतं का, अशी धाकधूक तुम्हाला वाटणार, कारण तुमचा स्वभावच तसा आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीत अडकवणं, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं, पिच्छा पुरवणं, असे १३ प्रकार त्यात व्याख्या आणि उदाहरणांसकट दिले आहेत. जरूर वाचा. इतका नेटका अभ्यासक्रम सल्लागाराकडून करून घ्यायचा तर तो लाखात बिल लावेल. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना आणखी एक सूचना केली: तीन महिन्यांत आपापल्या ॲपची आपण तपासणी करा आणि यातलं काही सापडलं तर काढा. पेपर लिहिणाऱ्यानेच तो तपासायचा! मग स्वतःला पैकीच्या पैकी द्या, आणि ते प्रशस्तिपत्र ॲप उघडल्यावर पूर्ण पडदाभर दाखवा. बंद करायची फुली पांढऱ्यावर पांढरी.

टीममध्ये एखादी मुलगी असेल. नुकती कॉलेजातून आलेली, हुशार. ती स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, विचारेल, 'सर, पण खाडा टाकायचं बटण पहिल्याच पानावर का नाही?' तिच्याशी वाद घालू नका, कारण हराल. 'छान मुद्दा, डेटा बघू या' म्हणा. अर्ध्या लोकांना बटण समोर द्या, अर्ध्यांना लपवून. लपवलेल्या बाजूला लोक ॲपमध्ये चौपट वेळ घालवताना दिसतील, कारण ते बटण शोधत असतील. आलेख दाखवा, वरच्या दिशेने गेलेला. याउपर ती बोललीच तर वयस्कर लोकांसाठी सुलभता वाढवण्याचं काम तिच्याकडे सोपवा, पुढच्या तिमाहीत. पुढची तिमाही आमच्या धंद्यात अजून कुणी पाहिलेली नाही.

दर सहा महिन्यांनी सगळी बटणं हलवत राहा, हेही जाता जाता सांगतो. माणसाचा हात बसला की तो बघेनासा होतो.

शेवटी एक दिवस पैसे संपतील. त्या दिवशीच्या ईमेलचा मसुदा आजच करून ठेवा, कारण तेव्हा लिहायला माणसं उरलेली नसतात. 'तुमच्यासोबतचा हा प्रवास अविस्मरणीय होता' अशी सुरुवात, मग संस्थापकांचा हसरा फोटो. तुमच्या नोंदी शुक्रवार संध्याकाळपर्यंत उतरवून घ्या, असं खालच्या बारीक अक्षरांत टाका आणि ईमेल शुक्रवारी दुपारी पाठवा. नोंदी उतरवून घ्यायचं बटण ॲपच्या नव्या आवृत्तीत द्या. आणि नवी आवृत्ती काकूंच्या फोनवर चालणार नाही, एवढं बघा.