अश्शूर म्हणजे असुर नाही, आणि बाणासुर तर नाहीच नाही

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. इराकमधल्या असीरियाचा देव अश्शूर म्हणजे आपले असुर, तिथला राजा अश्शूरबानिपाल म्हणजे बाणासुर, देवाचं पंखवालं चक्र म्हणजे सुदर्शन, आणि हे सगळं इंग्रजांनी दाबून ठेवलं. दोनदा मी सोडून दिलं, पण आता भाचीने ते शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवलंय, वर बाणासुराचं चित्रही काढलंय, म्हणून बोलणं आलं.

आधी बाणासुरच घेतो, कारण तोच जास्त डोक्यात गेलाय. तिथल्या जुन्या अक्कडी भाषेत नाव आहे अश्शूर-बानि-अपलि. बानि म्हणजे निर्माण करणारा, अपलि म्हणजे वारस मुलगा. थोडक्यात वारस दिला तो अश्शूरने, आपण खंडोबाला नवस करून झालेल्या पोराचं नाव खंडू ठेवतो तसलंच. मेसेजवाल्याने बानिचा बाण केला, अपलितला अ गिळला आणि उरलेला पाल गोपाळ-भूपाळातला धरला, झालं! इसवीसनपूर्व सातव्या शतकातला राजा हा, त्याच्या लेखांत बाणासुराची लेक उषा आणि जावई अनिरुद्ध औषधालाही नाहीत.

आता असुर. ऋग्वेद १.२४.१४ उघडून बघा, वरुणाला 'असुर प्रचेता' अशी हाक मारलीय आणि केलेल्या पापातून सोडव म्हणून विनवलंय. राक्षसाला कोण असं विनवतं? जुना अर्थ स्वामी, पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला अहुर हा त्याच शब्दाचा सख्खा भाऊ. अश्शूर मात्र टायग्रिसकाठचं एक गाव, आणि त्या गावचा देव, दोघांचं नाव एकच. सुरुवातीला याला ना आईबाप ना बायको, पुढे एन्लिल या तिकडच्या बड्या देवाची बायको निन्लिल याच्या नावावर लावली. राजे स्वतःला देवाचे कारभारी म्हणवायचे. आणि हा देव व्यापाऱ्यांचा! तुर्कस्तानात कुलतेपेला त्यांची हजारो मातीची पत्रं सापडलीत, तिथे अश्शूरच्या खंजिरासमोर शपथ घ्यायचे. इम्दी-इलुम नावाच्या व्यापाऱ्याला घरच्या बायका कळवतात, आम्ही कौल लावला, अश्शूर तुला बजावतोय, तुझं पैशावर प्रेम आहे आणि जिवाची तुला पर्वा नाही. चार हजार वर्षांपूर्वीचं पत्र आहे हे, आमच्या आत्याने दुबईला पाठवल्यासारखं.

एक मान्य करतो, नाइलाजाने. अश्शूरच्या शेजारच्या मितानी राजांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावं खरंच आहेत, आणि असुर-अश्शूरचा धागा शंभरेक वर्षांपूर्वी रा. गो. भांडारकरांनीही जुळवून पाहिला होता. पण तो विद्वानाचा तर्क होता, बाणासुराचा पत्ता नव्हता.

चक्राचं काय, ते पंखवालं बिंब मूळचं इजिप्तचं, आणि त्यातली आकृती अश्शूरची की सूर्यदेव शमशची यावरच अजून वाद आहे. दाबून ठेवलं म्हणाल तर असीरियाची राजधानी निनवे, तिथून नेलेले लेख कोरलेल्या मातीच्या पाट्यांचे तीस हजारांवर तुकडे लंडनच्या म्युझियमात आहेत, फोटो नेटवर फुकट दिसतात.

प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. मजकूर बदलायला भाची तयार आहे, चित्र काढून टाकायला नाही, म्हणते मामा, हात मोजून काढलेत, चाळीस झालेत.