ऑस्कर मिळालं, कंपनी बुडाली

मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळत नाही, मल्टिप्लेक्सवाले आठवड्यात उतरवतात, अनुदान रखडतं. लंडनमध्ये बसून हे वाद मी नेमाने वाचतो, संतापही येतो. पण थिएटरमधून उतरल्यावर तो सिनेमा कुणाच्या मालकीचा, हे सहसा कुणी विचारत नाही.

इथल्या गोल्डक्रेस्ट या सिनेमा कंपनीचंच पाहा. जेक एबर्ट्स या कॅनेडियन गृहस्थाने 1977 मध्ये ही कंपनी काढली. माणूस बँकिंगमधला. नुसती पटकथा हातात असताना, जेव्हा कुणी दारात उभं करत नाही, तेव्हा पैसे घालायचे आणि बदल्यात नफ्यात वाटा घ्यायचा, असा त्याचा हिशेब. दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’मागे तो असाच उभा राहिला. 1983 मध्ये त्या सिनेमाला 8 ऑस्कर मिळाले. त्यातलं एक कोल्हापूरच्या भानू अथय्यांचं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या सिनेमात आपल्या एनएफडीसीचे, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचेही पैसे होते आणि त्या कमाईच्या वाट्यातून गरजू सिनेकलाकारांसाठी निधी उभा राहिला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला तरी बाहुलीपेक्षा तो वाटा मोठा वाटतो.

पुढे कंपनीच्या डोक्यात हवा गेली. ‘रेव्होल्यूशन’, ‘अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर्स’ आणि ‘द मिशन’ हे तीन महागडे सिनेमे जवळपास एकाच वेळी हाती घेतले, बजेटं हाताबाहेर गेली, पहिला तर सपशेल आपटला. ‘द मिशन’ला 1986 मध्ये कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तरी काही सावरलं नाही. टीव्हीवरची रॉबिन हूडची मालिकाही या आर्थिक ओढाताणीत बंद पडली. 1987 मध्ये कंपनी विकली गेली.

त्यानंतरच्या इथल्या छोट्या निर्मिती कंपन्या टिकल्या, त्याचं श्रेय मी प्रतिभेपेक्षा कायद्याला देतो. 1982 मध्ये सुरू झालेलं चॅनल फोर स्वतः फारसं काही बनवत नव्हतं, बाहेरच्यांकडून घेत होतं. 1990 च्या प्रसारण कायद्याने बीबीसी आणि खासगी आयटीव्हीवर 25 टक्के कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून घेण्याचं बंधन आलं. खरी मेख 2003 च्या कायद्यात आहे. चॅनलला ठरावीक मुदतीचा प्रक्षेपणाचा परवाना, बाकीचे हक्क निर्मात्याकडे. म्हणजे परदेशी विक्री, पुनर्निर्मिती, सगळं त्याचं. बँकेत तारण ठेवायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

आपल्याकडे मालिकेचा निर्माता सहसा एपिसोडमागे पैसे घेतो, तेही महिनोन्‌महिने थकतात, आणि हक्क चॅनलकडे. टीआरपी घसरला की मालिका गुंडाळली, निर्मात्याच्या हाती उरला फक्त सेट. सिनेमावालेही अनेकदा सॅटेलाइट हक्क एकरकमी विकून मोकळे होतात.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. मोठे झालेले निर्माते स्वतःच विकले जातात. ऑलथ्रीमीडिया हा कंपन्यांचा समूह 2024 मध्ये 1.15 अब्ज पौंडांना गेला. स्ट्रीमिंगवाले तर पुन्हा सगळे हक्क एकदम मागतात. तरीही विकायला काहीतरी असणं आणि नसणं यात फरक आहे.

राज्य सरकार अनुदान देतंच. मग ठरावीक वर्षांनी हक्क निर्मात्याकडे परत येतील असा करार दाखवा, तरच पैसे, अशी अट घालायला काय हरकत आहे? चॅनलवाले कुरकुर करतील. करू देत.