यादीत नाव आलेली एक, न आलेला एक

परवा गावच्या ग्रुपवर फोटो आला. नवोदयला नंबर लागलेला मुलगा, गळ्यात हार, आई पेढा भरवतेय. खाली अभिनंदनाची रांग. मीही लिहिलं, मनापासून लिहिलं. त्या घराने काय केलंय ते मला माहीत आहे. पण त्याच रांगेत एकाने लिहिलं होतं, ‘बाकीच्या मुलांनी बोध घ्यावा.’ ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्या बाकीच्यांत माझा मुलगा आहे.

माझी मोठी मुलगी नवोदयला दहावीत आहे. धाकटा गावाजवळच्या हायस्कूलला सातवीत, रोज सायकलने चार किलोमीटर जातो. दोघं एकाच ओसरीवर, एकाच फाटक्या गाईडमधून तयारी करत होती. एकीचं नाव यादीत आलं, एकाचं नाही आलं. त्यामुळे नवोदय ‘कशी आहे’ या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं आहेत. बाहेर लोक बोलतात ते तिसरंच असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पाचवीत प्रवेश परीक्षा देऊन सहावीला तिथे जाता येतं. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ ला सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. विचार साधा होता: खेड्यातल्या हुशार लेकराचं शिक्षण पैशावाचून अडू नये. आता जवळपास प्रत्येक जिल्ह्याला एक आहे, आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारलाही आहे. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ. सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण भागाला आणि निदान एक तृतीयांश मुलींना. माझ्यासारख्या अंगणवाडी सेविकेची आणि कपाशी करणाऱ्या बापाची मुलगी तिथे सायन्सच्या लॅबमध्ये उभी राहते, ती या दोन ओळींच्या जोरावर. हे मी कधी विसरणार नाही.

म्हणूनच एक गोष्ट फार टोचते. तालुक्याच्या गावात बंगला असलेले लोक पोराचं नाव तिसरीपासून खेड्यातल्या शाळेत घालून ठेवतात. दाखल्यावर मुलगा ग्रामीण, आणि संध्याकाळी शहरातल्या क्लासला. ७५ टक्क्यांचं कलम कशासाठी आहे हे त्यांना पुरतं कळतं, आणि कळूनच ते हे करतात. एक जागा अशी गेली की कुठल्या तरी पाड्यावरचं, तांड्यावरचं एक लेकरू घरी राहतं. त्याला तर आपली जागा गेली हेसुद्धा कळत नाही.

आणि क्लासवाले! मोठी एका क्लासला फक्त दोन रविवार गेली होती. पुढे फी झेपली नाही म्हणून आम्ही बंद केलं. निकाल लागला तेव्हा त्याच क्लासच्या फ्लेक्सवर तिचा फोटो, तोही शाळेच्या ओळखपत्रावरचा, आम्हाला न विचारता. यांनी जाऊन सांगितलं, काढा. ‘भाऊ, तुमच्याच पोरीचं नाव होतंय ना,’ असं उत्तर मिळालं. ज्यांनी तिला खरं शिकवलं ते आमच्या जिल्हा परिषद शाळेतले सर. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की थांबायचे, एक रुपया न घेता. त्यांचा फोटो कुठेच नव्हता.

धाकट्याच्या तयारीचं एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. परीक्षेत ८० प्रश्न, दोन तास, १०० गुण. त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे सगळ्या आकृत्या. त्यात कागदाची घडी घालून भोक पाडलेलं दाखवतात, आणि घडी उघडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील ते विचारतात. वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी हे शेतातून येऊन कापसाची गाठोडी उतरवायचे, आणि ज्या दाभणाने पोती शिवायची त्याच दाभणाने जुन्या कॅलेंडरच्या घडी घातलेल्या कागदाला भोक पाडायचे. मोठी पाचवीत असताना तिला प्रत्येक वेळी कागद उघडून बघावा लागायचा. धाकट्याला लागायचा नाही. तो डोळे मिटून सांगायचा, ‘चार, दोन वर, दोन खाली, आडवी.’ कागद उघडला की तसंच. त्याचे बाबा तेव्हा हसायचे, वर्षभरात तसं हसलेले मी पाहिले नव्हते.

आणि त्याचं नाव आलं नाही. का गेलं, कुठे गेलं, काही कळलं नाही. परीक्षा सहावीसाठी एकदाच देता येते, पुन्हा बसता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले दोन तास. त्या रात्री अंथरुणात त्याने मला विचारलं, ‘माय, मी ढ शे का?’

मी त्याला जवळ घेतलं, पण उत्तर पटकन सुचलं नाही. ते सुचायला मला दोन वर्षं लागली, आणि आज लिहितेय ते त्यासाठीच.

लोक नवोदयला चांगली शाळा म्हणतात ते निकालावरून. निकाल आहेच तसा. २०२५ ला नवोदयचा देशभरातला दहावीचा निकाल ९९.४९ टक्के लागला आणि बारावीचा ९९.२९. नवोदय ज्या मंडळाची परीक्षा देते त्या सीबीएसईचा त्याच वर्षीचा एकूण निकाल दहावीला ९३.६६ आणि बारावीला ८८.३९ होता. आकडे खरे आहेत, अभिमानाचे आहेत. पण जिल्हाभरातून ८० मुलं वेचून घेतल्यावर ती पास होणार नाहीत तर काय होईल? पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस एका बाजूला काढला तर त्याला भाव चांगला मिळणारच. त्यावरून बाकीच्या शेताला नावं ठेवायची नसतात. त्या निकालात शाळेचा वाटा किती, हे टक्केवारी सांगत नाही. ते तिथे राहणारी मुलं सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठीला विचारलं, खरं सांग, तुझी शाळा कशी आहे? पालकांच्या भेटीच्या रविवारी आम्ही सगळ्या आया झाडाखाली डबे सोडून बसतो, तेव्हा आमचं बोलणं ठरलेलं असतं. टक्के किती, नीट-जेईईचं काय, खेळात फार वेळ जातो, नववीत मुलांना वर्षभर परराज्यात कशाला पाठवतात. मुलीच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं.

ती म्हणाली, ‘आई, तिथे वाचनालय उघडं असतं.’ एवढंच. गावच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याची किल्ली कपाटासारखीच गंजलेली. मग म्हणाली, रात्री अभ्यासाच्या तासाला गणित अडलं तर मॅडम असतात. सकाळची वाट बघावी लागत नाही. मग म्हणाली, नववीत उत्तरेकडची मुलं आली होती, आमच्यातली तिकडे गेली. नववीतल्या ३० टक्के मुलांची अशी वर्षभर अदलाबदल होते, त्याला ती मुलं मायग्रेशन म्हणतात. तिच्या शेजारच्या पलंगावरची मुलगी पहिला महिना नुसती रडायची. जाताना ती आमच्या अहिराणीत विचारायला लागली होती, ‘काय करी ऱ्हायनी वं?’ हे सांगताना मोठीचेच डोळे भरले.

मग न विचारता वाईटही सांगितलं. ‘तिथे एकटं बसायला जागाच नसते. रडायचं असलं तरी सगळ्यांसमोर.’ हे ऐकून मी गप्प झाले. चार वर्षं मी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा नेतेय, आणि हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला होता, ‘माय, माले आठे गमत नही, माले घर लई जा.’ तेव्हा मी काय म्हटलं असेल? ‘इतक्या मुलांतून तुझा नंबर लागलाय, रडतेस काय.’ माझ्या हातून झालेली ही चूक आहे. नंबर लागला म्हणून अकरा वर्षांच्या पोरीला आईची आठवण येऊ नये, असं कुठे आहे?

याच गोष्टीवर आपण पालक बोलत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी जीव दिल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. त्यात निम्मी दलित आणि आदिवासी घरांतली. त्यानंतर समुपदेशकांचा विषय पुढे आला. प्रत्येक निवासी शाळेत पूर्ण वेळ समुपदेशक असावा, ही मागणी आपण पालकसभेत लावून धरली पाहिजे. तुमचं मूल फोनवर घरी यायचं म्हणत असेल तर आधी ऐकून घ्या. नंबर, जागा, लोक काय म्हणतील, हे सगळं नंतर.

आता माझं म्हणणं. माझ्या मुलीची शाळा चांगली आहे ती तिथली मुलं निवडून आलेली आहेत म्हणून नाही. तिथे मोठी माणसं संध्याकाळी घरी निघून जात नाहीत, शिक्षक आवारातच राहतात, म्हणून चांगली आहे. ठरलेल्या वेळी दिवा लागतो, ठरलेल्या वेळी मुलं अभ्यासाला बसतात, समोर कुणीतरी असतं. आपल्याला हे नवं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, आणि तिथल्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या आवरणारे, त्यांची आजारपणं काढणारे गुरुजी म्हणून खान्देश त्यांची आठवण काढतो. किती टक्के निकाल लावला, ते कुणी विचारत नाही. मुलांजवळ राहिले, ते शंभर वर्षांनीही सांगतात.

आमच्याकडे ग्रामसभेत शिक्षक मुख्यालयी, म्हणजे गावातच राहतात असा ठराव होतो, सह्या होतात, आणि सगळे सर शेवटच्या एसटीने तालुक्याला जातात. मला त्यांच्यावर राग काढायचा नाही. गावात भाड्याने धड खोली मिळत नाही, त्यांच्याही मुलांच्या शाळा आहेत. पण संध्याकाळी सात ते नऊ माझ्या धाकट्यासमोर कुणी नसतं. मी दिवसभर अंगणवाडी, पोषण आहार, मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरणं, मग चूल. यांची रात्रपाळी पाण्याला. त्याला भूमिती अडली तर ती सकाळपर्यंत अडलेलीच राहते, आणि सकाळी साठ मुलांच्या वर्गात विचारायचं राहून जातं. त्याच्यात आणि त्याच्या बहिणीत फरक आहे तो एवढाच. डोकं दोघांचं मी ओसरीवर बघितलंय.

म्हणून ‘बोध घ्यावा’ लिहिणाऱ्या भाऊंना हात जोडून सांगते, बोध मुलांनी नाही, आपण घ्यायचा आहे. ८० मुलांना सरकारने जे दिलं त्यातलं सगळं आपल्याला देता येणार नाही. लॅब नाही, मैदान नाही, मेस नाही. पण दोन तास, एक दिवा आणि समोर बसणारं एक माणूस देता येतं. आपल्या गावात बारावी झालेल्या, बीएससी करून घरी बसलेल्या मुली आहेत. तलाठी भरतीची, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत. आठवड्यातला एक एक दिवस वाटून घेतला तरी सात दिवस भरतात. मोठी मे महिन्यात सुट्टीला येईल, ती गणित घेते म्हणाली आहे.

धाकट्याला मी हे सगळं सांगितलं. ढ नाहीस हेही सांगितलं, उशिरा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग बसायचं कुठे?’

समाजमंदिर वर्षातले दहा-पंधरा दिवस सोडले तर बंदच असतं. आत दोन ट्यूबलाइट चालू आहेत, फरशी झाडली की पंचवीस मुलं सहज बसतील. किल्ली सरपंचांकडे आहे. सोमवारी अंगणवाडी सुटली की मी मागायला जातेय. गावातल्या ज्या आयांना सोबत यायचं असेल त्यांनी चार वाजता पाराजवळ या.