‘जाड तार मागितली, बारीक तारांचा पीळ दिला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आपण लिहिलंत की चार्जरच्या कॉइलसाठी २ मिमीची तार मागितली असताना आम्ही बारीक तारांचा पीळ भरला, बॉबिनवर (तार गुंडाळायच्या साच्यावर) मधेच जागा रिकामी सोडली, मल्टीमीटरवर रेझिस्टन्स जुन्या कॉइलपेक्षा जास्त येतो, वर पैसेही जास्त लावले. हे सगळं खरं आहे. तांबं वाचवून फसवलं, हे मात्र खरं नाही, आणि तो शब्द मला लागला.

मल्टीमीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा, रेझिस्टन्स दाखवतो. आपली कॉइल म्हणजे चार्जरमधला रेझोनंट इंडक्टर; त्यातून १०० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक लाख वेळा मागेपुढे होणारा, एसी वाहतो. तेवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या पृष्ठभागालगत, साधारण ०.२ मिमीच्या थरातच राहतो. म्हणजे २ मिमीच्या तारेतलं जेमतेम एक तृतीयांश तांबं कामाला येतं. ५० हर्ट्झला हीच खोली ९ मिमीच्या वर असते, म्हणून मोटर रिवाइंडिंगमध्ये जाड तारेवरचा आपला भरवसा योग्यच आहे.

त्याहून मोठा त्रास थरांचा. एकावर एक थर चढले की शेजारच्या थरांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत एडी करंट (तारेतल्या तारेत भोवऱ्यासारखे फिरणारे करंट) उभे राहतात, आणि जाड तारेत हे नुकसान थरागणिक झपाट्याने वाढतं. डॉवेल या संशोधकांनी १९६६ साली याचं गणित मांडलं, आजही आम्ही सुरुवात तिथूनच करतो. म्हणून लिट्झ वायर, म्हणजे ०.१ मिमीच्या इनॅमल चढवलेल्या तारांचा पीळ, वापरली. प्रत्येक तारेवर इनॅमलचा (वीज न वाहणारा) थर असल्याने तेवढ्याच जागेत तांबं कमी बसतं, डीसी रेझिस्टन्स वाढतो. ते जाणूनबुजून पत्करलं. किंमत वाढली ती या वायरमुळे आणि टोकांच्या कामामुळे. टोकाला एकेका तारेचं इनॅमल जळून सोल्डर पकडलं नाही, तर ती तार असून नसल्यासारखी.

रिकामी जागा एअर गॅपसमोर, म्हणजे कॉइलच्या आतल्या चुंबकीय कोरमध्ये ठेवलेल्या फटीसमोर, आहे. तिथे चुंबकीय रेषा कोरबाहेर फुगतात, आणि त्यांच्या वाटेत आलेली तार तापते.

हीच कॉइल डीसी करंटची, कमी रिपलची (करंटमध्ये चढउतार थोडा असलेली) असती, तर जाड तार मीच सुचवली असती.

जुनी-नवी दोन्ही कॉइल आणि चार्जर घेऊन अंबडला आमच्याकडे या. एलसीआर मीटरवर (हा एसीवर रेझिस्टन्स मोजतो) १०० किलोहर्ट्झला दोन्हींचा रेझिस्टन्स आपल्यासमोर मोजू, मग फुल लोडवर तासभर चालवून तापमान पाहू. जुनी कॉइल नव्यापेक्षा थंड राहिली, तर पूर्ण पैसे परत देईन.