पाळक म्हणजे लेवी नव्हेत, आणि विधवेच्या औषधाच्या पैशात दशमांश नसतो

‘लेवी कोण होते? प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वाचावे’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लेवी, म्हणजे बायबलमधल्या इस्राएलचा एक वंश, हे देवाचे याजक (पुरोहित) आणि आजचे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) हे आजचे लेवी. मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यांत आतल्या जागी, शिरताना त्याच्या पायाला दोर बांधत, झग्याच्या घुंगरांचा आवाज थांबला की लेवी प्रेत ओढून बाहेर काढत. आणि जो पाळकांच्या हाती दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देत नाही त्याच्यावर तोच कोप येतो. माझ्या विधवा मावशीने हे वाचलं आणि पेन्शनमधून औषधांसाठी ठेवलेले पैसे पाकिटात घालून बाजूला काढले. म्हणून हे लिहितेय.

दोराचं आधी बघू, कारण सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. बायबलची निर्गम, लेवीय, गणना ही पुस्तकं बघा, कुठेही हा दोर नाही. मुख्य याजक परमपवित्रस्थानात जाई तो प्रायश्चित्ताचा दिवस. त्याचा विधी बारकाईने सांगणारा ‘योमा’ नावाचा भाग मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात आहे. मुख्य याजकाला सात दिवस आधी घरापासून वेगळं ठेवत, आदल्या रात्री झोपू देत नसत, ऐनवेळी अडचण आली तर म्हणून दुसरा याजक तयार ठेवत, इथपर्यंत सगळं त्यात आहे. दोर मात्र नाही. तो येतो झोहार या गूढवादी ग्रंथात, आणि हा ग्रंथ स्पेनमध्ये पुढे आला तेराव्या शतकाच्या अखेरीस. यरुशलेमचं मंदिर पडलं इ.स. ७० मध्ये!

शिवाय घुंगरं आली कुठून? लेवीय १६ उघडून बघा. त्या दिवशी पडद्याआड जाताना अहरोनाने, म्हणजे पहिल्या मुख्य याजकाने, अंगरखा, चोळणा, कमरबंद, मंदिल सगळं साधं तागाचं घालायचं आहे. निर्गम २८ मधला घुंगरांचा झगा तेव्हा अंगावर नसतोच. अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू परमेश्वरासमोर मेले तेव्हा काय केलं, तेही लेवीय १० मध्ये लिहिलंय: अहरोनाचे चुलतभाऊ मीशाएल आणि एलसाफान यांनी त्यांना अंगरख्यांसकट उचलून छावणीबाहेर नेलं.

लेवी म्हणजे याजक, हेही चूक. याजकपण फक्त अहरोनाच्या घराण्याकडे होतं, बाकीचे लेवी त्यांच्या मदतीला. गणना ४ मध्ये छावणी हलते तेव्हाची कामं वाचा. आधी अहरोन आणि त्याचे मुलगे आत जातात, पडदा उतरवून त्यानेच कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) झाकतात, त्यावर कातडी, त्यावर निळं कापड घालतात, दांडे बसवतात. मग कहाथी (लेव्यांच्या तीन कुळांपैकी एक, बाकीची दोन गेर्षोनी आणि मरारी) येतात आणि तो खांद्यावर घेतात. पवित्र वस्तूला हात लावला किंवा झाकण्याआधी क्षणभर जरी पाहिलं तरी मरण. गेर्षोनी पडदे वाहतात, त्यांना २ गाड्या आणि ४ बैल. मरारींकडे फळ्या, खांब, उथळ्या, म्हणून ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथींना गाडी नाही, त्यांचं ओझं खांद्यावरच. पुढे दाविदाच्या काळात द्वारपाल आणि गायकही लेवीच. कोरह हा कहाथी लेवी याजकपणावर हक्क सांगायला गेला, तेव्हा मोशेने त्याला भर मंडळीत फटकारलं. आणि लेवी हा वंश आहे, जन्माने मिळणारा. आपल्यातला कुठला पाळक त्या वंशातला आहे? इब्री ७ तर म्हणतं, प्रभू येशू स्वतः यहूदाच्या वंशातला.

आता दशमांश. लेव्यांना जमिनीचा वाटा नव्हता, राहायला ४८ नगरं आणि भोवतीची कुरणं एवढंच, म्हणून गणना १८ त्यांना दशमांश देते, हे खरं आहे. नहेम्याच्या काळात त्यांचा वाटा मिळेना, तेव्हा लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले, हेही खरं. पाळकांनाही पोट आहे, मंडळीने ते भरावं, हे मला मान्यच करावं लागतं. पण त्याच गणना १८ मध्ये लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकाला द्यायची आज्ञा आहे. ती मेसेजमधून गायब आहे. आणि हा दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुरामेंढरांचा. शेत नाही, गुरं नाहीत, नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनवर जगतेय, तिच्याकडे तो मागायला शास्त्रात आधार कुठे आहे?

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं १४:२८-२९ वाचा. दर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पिकाचा दशमांश वेशीच्या आत आणून ठेवायचा. तो कोणी खायचा? लेव्याने, उपऱ्याने, अनाथाने आणि विधवेने, तृप्त होईपर्यंत. माझी मावशी घेणाऱ्यांत आहे, लेव्याच्या पंक्तीला. तिला देणेकरी ठरवून कोपाची धमकी देणं हा अन्याय आहे, आणि तो देवाच्या नावाने होतोय याची मला चीड येते.

मलाखी ३ मधलं ‘तुम्ही मला लुटता’ हे वचन मेसेजमध्ये ठळक छापलंय. ते आठवं वचन. पाचव्या वचनात देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना गांजणाऱ्यांविरुद्ध. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच पान होतं.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर अनुवाद १४ ची ती दोन वचनं टाकावीत. मावशीसारख्या बायका तिथेच वाचतात.