सुटलेल्या प्रांतासाठी पथ्यपाणी

लठ्ठपणाचा नकाशा दरवर्षी येतो आणि दरवर्षी तुमचा प्रांत त्यात गडद असतो. शेजारचा फिकट. शेजारची माणसं तुमच्यापेक्षा दोन घास कमी खाताना किंवा दोन पावलं जास्त चालताना तुम्ही कधी पाहिलेली नाहीत. तरी ते फिकट आणि तुम्ही गडद. ही नामुष्की पुसायची असेल, तर त्यासाठी कुणाला तरी बारीक व्हावं लागतं हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. एक ग्रॅमही न घटवता अख्खा प्रांत सडपातळ करता येतो. मात्र पथ्य कडक आहे.

पहिलं पथ्य म्हणजे प्रांतात वजनकाटा शिरू द्यायचा नाही. काट्याला भीड नसते, मुरवत नसते. फोन त्या मानाने फारच सुसंस्कृत. अमेरिकेत राज्याराज्यांचा जो प्रसिद्ध नकाशा निघतो, तो फोनवरच्या पाहणीतून निघतो. १९८४ पासून ती चालू आहे. आता वर्षाला चार लाखांहून जास्त प्रौढांशी बोलणं होतं आणि वजनाचा प्रश्न साधारण असा असतो : बूट न घालता तुमचं वजन सुमारे किती? मग, बूट न घालता उंची सुमारे किती? बुटांची एवढी काळजी घेणाऱ्यांनी ‘सुमारे’ मात्र मोकळं सोडलंय. त्या शब्दात एक राज्य सहज मावतं.

आता हिशेब समजून घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर ३० किंवा त्याहून जास्त आलं की माणूस लठ्ठ. समजा, तुमचं वजन ८० किलो आणि उंची १६२ सेंटिमीटर. भागाकार ३०.५. म्हणजे तुम्ही गेलात. पण घाबरू नका, वजनाला हातही लावू नका. फक्त उंची १६४ सांगा. भागाकार २९.७. झालात बरे! दोन सेंटिमीटर म्हणजे अंगठ्याची रुंदी. तेवढ्यात एक रोगी कमी झाला. उंचीचा वर्ग घेतात, त्यामुळे उंचीतली थाप वर्गाच्या हिशेबाने फळते. वजनातली थाप बिचारी एकपट. तरीही जनरीत अशी की पुरुष उंची वाढवतात आणि बायका वजन उतरवतात. म्हाताऱ्यांना तर तेवढेही कष्ट पडत नाहीत. ते विशीत मोजलेली उंची सांगतात आणि मधल्या काळात मणके दबून आपण कुठवर आलो हे त्यांना खरंच ठाऊक नसतं. शिवाय वजन सांगताना आकडा शून्यावर किंवा पाचावर आणून टेकवायची पद्धत सगळीकडे आहे. तो अलीकडच्या पाचावर टेकवा, पलीकडच्या नव्हे.

काटा का नको, ते अनुभवाने सांगतो. एका तपासणीत माझी उंची घेतली. टाचा पाटीला टेकवा, हनुवटी वर नको, नजर समोर. डोक्यावरची सरकपट्टी केस दाबून पार टाळूला टेकेपर्यंत खाली आली आणि बाईंनी १६७ लिहिलं. मी म्हटलं, ‘१७० आहे हो माझी.’ त्या वर न बघता म्हणाल्या, ‘असेल. कधीतरी.’ असल्या माणसांच्या हाती प्रांताची अब्रू द्यायची नसते.

अमेरिकेतच दुसरी एक पाहणी आहे. तिचे ट्रेलर गावोगाव जातात आणि माणसाला आत घेऊन खरोखरच काट्यावर उभं करतात. २०१७ ते मार्च २०२० या काळातल्या मोजणीत तिला ४१.९ टक्के प्रौढ लठ्ठ सापडले. त्याच सुमाराला फोनवर तोच देश चांगलाच आटोपशीर होता. सुदैवाने या ट्रेलरवाल्या पाहणीचा आवाका लहान. वर्षाला पंधराएक परगणे आणि पाचएक हजार माणसं, त्यामुळे कुठलं राज्य किती सुटलंय हे तिला सांगता येत नाही. म्हणजे जी वजन करते तिला प्रांत ठाऊक नाहीत आणि जिला प्रांत ठाऊक आहेत ती वजन करत नाही. यापेक्षा सोयीची व्यवस्था मागूनही मिळाली नसती. या दोघींची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच तुमचं काम.

गाठ पडली की काय होतं तेही ऐका. २०१३ च्या सुमाराला काही संशोधकांनी फोनवर सांगितलेली वजनं आणि प्रत्यक्ष मोजलेली वजनं विभागवार शेजारी ठेवली. फोनच्या यादीत मिसिसिपी-अलाबामाचा दक्षिणी पट्टा पहिला. वर्षानुवर्षं देशाने ज्यांना नावं ठेवली, तेच ते. काट्याच्या यादीत मात्र पहिला नंबर कॅन्सस-डाकोटाकडच्या मैदानी पट्ट्याने पटकावला आणि दक्षिणवाले घसरून मध्यावर आले. दक्षिणेत वजन कमी होतं असं नाही. त्यांनी ते निदान बरंचसं खरं सांगितलं, हे त्यांचं चुकलं. तुमच्या प्रांतात असा भोळेपणा साथीसारखा पसरलेला असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

इंग्लंडमध्ये मात्र जपून. तिथे १९९१ पासूनच्या आरोग्य पाहणीत घरी माणूस येतो, काटा सोबत घेऊन. २०२१ मध्ये साथीमुळे कुणाला कुणाच्या घरी जाता येईना, तेव्हा लोकांना आपापली मापं सांगू दिली. आनंदाची बातमी वाटली ना? पण आकडेवाल्यांनी सांगितलेल्या मापांना दुरुस्तीचं सूत्र लावलं. तुम्ही तोंड उघडण्याआधीच तुमच्या वयाचा माणूस सरासरी किती फेकतो, हे त्यांनी काढून ठेवलेलं होतं. नागरिकांवर एवढा अविश्वास बरा नव्हे. पण यातही सोय आहे. सूत्र सरासरीचं असतं. तेव्हा सरासरीपेक्षा जास्त फेका.

व्याख्येवरही नजर ठेवा. १९९८ च्या जूनमध्ये अमेरिकेत जादा वजनाची रेघ पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती, ती २५ वर आणली. रात्री धडधाकट म्हणून झोपलेली कोट्यवधी माणसं सकाळी जाडी होऊन उठली. रेघ खाली येऊ शकते, तशी वरही जाऊ शकेल. खटपट करायला काय हरकत आहे? कुणी शास्त्राधार काढलाच, तर मूळ भागाकार क्वेटलेट नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचा आहे आणि त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, हे ऐकवा. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकी संशोधकाने त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे आजचं नाव दिलं, ते सात हजारांवर पुरुष तपासून. बाई एकही नव्हती. एवढं बोललात की समोरचा गप्प बसतो आणि मुख्य म्हणजे वजनाचा विषय निघून जातो.

वयाचं पथ्य सोपं आहे. माणूस साधारण पन्नाशी-साठीपर्यंत सुटत जातो, म्हणून प्रांतात विद्यापीठ काढा आणि सेवानिवृत्त मंडळी शेजारी धाडा. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने हा त्रास आधीच वाचवलाय. तिच्या मुख्य आकड्यांत बायका आणि पुरुष दोघंही १५ ते ४९ वर्षांचे. पन्नाशीची बाई कितीही सुटली तरी आकडा तिला ओळखत नाही. कुणी वयाचा फरक काढून टाकलेला दर मागितला, तर तो सर्वसामान्यांना समजत नाही असं म्हणून द्यायचं टाळा.

नकाशाच्या रंगांना पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या असतात. ३४.९ ला एक रंग, ३५ ला दुसरा. नमुन्यातली चूक दोन्ही बाजूंना टक्का-दोन टक्के असते, पण ती रंगवता येत नाही. त्यामुळे दर ३५.१ वरून ३४.८ वर आला की लगेच सत्कार ठेवा. वाढला तर पद्धत बदलली म्हणा. हे कधीकधी खरंही असतं. अमेरिकेच्या फोन पाहणीत २०११ मध्ये मोबाइलवाले धरले आणि भार द्यायची, म्हणजे एकाचं उत्तर किती माणसांचं धरायचं ते ठरवायची, रीत बदलली, तेव्हा आधीच्या वर्षांशी तुलना करू नका असं पाहणी करणाऱ्यांनीच बजावलं होतं.

एवढं करूनही प्रांत गडद राहिला, तर मात्र लोकांना दोष द्या. आळशी, जिभेचे गुलाम, जे तोंडाला येईल ते. फक्त कोणत्या लोकांना, ते देश बघून ठरवा. श्रीमंत देशांत बहुधा गरीब भाग सुटलेले असतात, गरीब देशांत सधन भाग. एकच आळस इथे गरिबीने येतो आणि तिथे पैशाने, हा चमत्कार कसा, असं कुणी विचारलं तर ‘संस्कृती’ म्हणा. मजुरी किती, बस कुठवर जाते, पायी चालायला रस्ता आहे का, दोन पाळ्या करून आलेला माणूस रात्री साडेदहाला काय शिजवणार, असले प्रश्न निघाले की पाहणीचा प्रांत हातातून सुटतो. तिकडे वळूच नका.

राहता राहिला तुमचा स्वतःचा वाटा. पाहणीचा फोन उचलणारे आणि बोलणारे निम्म्याहून कमीच असतात. अनोळखी नंबर म्हणून तुम्ही कापलात, तर तुमच्या वयाचा, तुमच्याएवढा शिकलेला दुसरा कुणी तुमच्या वाटचीही उंची सांगून टाकतो, कारण भार देताना त्यालाच दीड-दोन माणसं धरतात. तो दक्षिणी वळणाचा निघाला तर काय घ्या? तेव्हा फोन उचला. आणि उठून, पाठ ताठ करून, भिंतीला टेकून उचला. खुर्चीत पसरून बसलेल्या माणसाला १७० हा आकडा वेळेवर सुचत नाही.